लाइन जुळते, पिंग जातो, तरी पलीकडचं लॅन दिसत नाही: डायल-अपवरच्या राउटिंगचा पुन्हा पुन्हा येणारा दोष

दोन युनिक्स मशीन. दोन्हींच्या मागे आपापलं छोटं लॅन, म्हणजे स्थानिक नेटवर्क. मधे मोडेम, टेलिफोनची लाइन आणि तिच्यावर पीपीपी, म्हणजे फोनच्या लाइनवरून आयपी पॅकेट नेणारी पद्धत. मोडेम फोन उचलतो, कॅरिअर (मोडेमांमधला सूर) लागतो, पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्राम) लॉगमध्ये दोन्ही टोकांचे आयपी पत्ते लिहितो. या मशीनवरून त्या मशीनला पिंग (पोचतंय का ते बघणारी हाक) केला की उत्तर येतं. पण मागच्या लॅनमधल्या एखाद्या मशीनवरून पलीकडच्या लॅनमध्ये पिंग केला की काहीच नाही. मग कोणीतरी बसून हाताने एक राउट (अमुक नेटवर्कची वाट सांगणारी नोंद) घालतं, काम सुरू होतं, सगळे उठून जातात. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा.

ही तक्रार मी इतक्या वेळा हाताळली आहे, की आता ऐकल्याबरोबर मी मोडेमकडे बघतही नाही. दोन्ही टोकांचे पत्ते ठरले आणि एकमेकांना पिंग जातो, म्हणजे मोडेम, केबल, पासवर्ड, पीपीपीची बोलणी हे सगळं पार पडलं आहे. तरीही लोक मोडेमची इनिट स्ट्रिंग (सुरुवातीच्या आज्ञांची ओळ) बदलत बसतात, कारण दिसणारी वस्तू तीच असते. दोष राउटिंग टेबलमध्ये (राउटच्या यादीत) असतो आणि बहुतेक वेळा तो समोरच्या टोकाच्या टेबलमध्ये असतो.

समजायला सोपं जावं म्हणून दोन मशीनना नावं देतो: चाफा आणि मोगरा. चाफ्याचं इथरनेट १९२.१६८.१.१, मागचं लॅन १९२.१६८.१.०. मोगऱ्याचं इथरनेट १९२.१६८.२.१, मागचं लॅन १९२.१६८.२.०. दोन्हींचा नेटमास्क २५५.२५५.२५५.०. लाइनवर पीपीपीने दिलेले पत्ते चाफ्याकडे १०.०.०.१ आणि मोगऱ्याकडे १०.०.०.२. चाफ्यामागचं .२० (म्हणजे १९२.१६८.१.२०) हे मशीन मोगऱ्यामागच्या .३० (१९२.१६८.२.३०) ला गाठू पाहतं आहे. आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टंकताना त्या नेहमीच्या रूपातच टंकायच्या.

पीपीपी नेमकं किती करतो

पीपीपीची बोलणी टप्प्याटप्प्याने होतात. आधी एलसीपी, म्हणजे दुव्याच्या अटी. मग हवी असेल तर पीएपी किंवा सीएचएपीने ओळख पटवणं. मग आयपीसीपी, ज्यात दोन्ही टोकं आपापले आयपी पत्ते ठरवतात. हा सगळा करार १९९४ च्या आरएफसी १६६१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती सांगणारे कागद) आहे आणि आयपीसीपी त्याच्याही आधी, १९९२ च्या आरएफसी १३३२ मध्ये. आयपीसीपी पत्त्यांपाशी थांबतो. "माझ्या मागे अमुक नेटवर्क आहे" असं सांगण्याची सोयच त्यात नाही. त्यामुळे लाइन जुळल्यावर चाफ्याला एवढंच कळतं, की पीपीपी० या लाइनच्या इंटरफेसच्या पलीकडे १०.०.०.२ नावाचा एकटा यजमान आहे. टेबलमध्ये त्या एका पत्त्याचा होस्ट राउट पडतो. १९२.१६८.२.० बद्दल चाफ्याला काहीही माहीत नसतं आणि १९२.१६८.१.० बद्दल मोगऱ्याला.

म्हणून राउट दोन लागतात. चाफ्यावर दुसऱ्या लॅनचा, मोगऱ्यावर पहिल्या लॅनचा. जाण्याचा राउट सगळे घालतात, कारण पिंग करणारा माणूस त्याच टोकाला बसलेला असतो. येण्याचा राउट राहून जातो. पॅकेट पोचतं, .३० त्याला इमानदारीने उत्तर देतं आणि ते उत्तर मोगऱ्यापाशी येऊन भरकटतं. पिंग करणाऱ्याला वाटतं की आपलं पॅकेटच गेलं नाही.

आधी बघायचं, मग हात लावायचा

पहिली आज्ञा दोन्ही टोकांना एकच: नेटस्टॅट -आरएन. ती राउटिंग टेबल दाखवते. यातला "एन" सोडू नका. तो नसेल तर नेटस्टॅट प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला जातो, नेमसर्व्हर लाइनच्या पलीकडे असतो, लाइनवर राउटिंग बिघडलेलं असतं, आणि स्क्रीन मिनिटभर तशीच उभी राहते. मग माणूस म्हणतो, मशीनच अडकलं. ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) आणि टीसीपीडम्प (इंटरफेसवरून जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी आज्ञा) यांनाही तोच "एन" लावायचा. ज्या गोष्टीचा तपास चालू आहे, तिच्यावर तपासाचं साधन अवलंबून असू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे पिंगचं उत्तर नीट वाचणं. .२० वरून पिंग केल्यावर १९२.१६८.१.१ कडून "नेटवर्क गाठता येत नाही" असा निरोप आला, तर चाफ्याकडे राउट नाही, विषय संपला. काहीच निरोप न येता शांतता असेल, तर दोन शक्यता जास्त: चाफ्यावर किंवा मोगऱ्यावर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्याचं पॅकेट पुढे पाठवणं) बंद आहे, नाहीतर येण्याचा राउट नाही. फॉरवर्डिंग बंद असलेलं मशीन दुसऱ्याचं पॅकेट मुकाट्याने टाकून देतं, कळवत नाही. लिनक्सवर /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_फॉरवर्ड या फाइलमध्ये १ आहे का बघा, बीएसडी घराण्यात सिसकंट्रोलचं नेट.आयनेट.आयपी.फॉरवर्डिंग. दोन्ही टोकांना बघा. आणि हे मूल्य मशीन रीबूट झाल्यावर टिकतं का तेही बघा. "परवा चालत होतं" या तक्रारीचं मूळ कित्येकदा मधल्या रात्री झालेल्या एका रीबूटमध्ये असतं.

तिसरी गोष्ट टीसीपीडम्प. माझं म्हणणं असं, की टीसीपीडम्प चार ठिकाणी लावल्याशिवाय एकही राउट बदलू नये. चाफ्याचं इथरनेट, चाफ्याचं पीपीपी०, मोगऱ्याचं पीपीपी०, मोगऱ्याचं इथरनेट. आज्ञा साधी: टीसीपीडम्प -एन -आय पीपीपी० आयसीएमपी. (आयसीएमपी म्हणजे पिंग आणि चुकांचे निरोप नेणारा प्रकार.) पॅकेट कुठपर्यंत दिसतं आणि कुठून पुढे दिसत नाही, हे डोळ्यांनी पाहिलं की अंदाज करायची गरज उरत नाही. चार खिडक्या उघडायला दोन मिनिटं लागतात. अंदाजाने राउट घालत-काढत बसलं तर संध्याकाळ जाते, वर टेबलमध्ये अर्धवट राउटचा कचरा राहतो तो वेगळाच.

एक सापळा इथेच सांगतो. चाफ्यावर बसून थेट .३० ला पिंग केला, तर त्या पॅकेटचा उगमपत्ता १०.०.०.१ असतो, १९२.१६८.१.१ नव्हे, कारण पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याचा पत्ता त्याला लागतो. .३० ला १०.०.०.१ कुठे आहे ते माहीत नसेल, तर उत्तर येणार नाही. किंवा उलट, हा पिंग चालेल आणि .२० वरचा चालणार नाही. म्हणजे गेटवेवरून केलेला पिंग लॅनबद्दल काहीच सिद्ध करत नाही. लिनक्सवर पिंगला मोठा "आय" आणि बीएसडीवर मोठा "एस" लावून उगमपत्ता १९२.१६८.१.१ ठरवता येतो. तसं करा, नाहीतर खरोखरच .२० वर जाऊन पिंग करा.

ही कटकट मुळातूनच घालवायचा एक उपाय मला फार आवडतो. लाइनसाठी वेगळे पत्ते वापरायचेच नाहीत. चाफ्याने पीपीपीवरही आपला इथरनेटचाच पत्ता १९२.१६८.१.१ सांगायचा आणि मोगऱ्याने १९२.१६८.२.१. पॉइंट-टू-पॉइंट दुव्याला हे चालतं. मग कोणत्याही टोकावरून निघालेलं पॅकेट अशा पत्त्याने निघतं, जो समोरच्या लॅनच्या राउटमध्ये आधीच बसतो. टेबल छोटं राहतं, लॉग वाचायला सोपा जातो. पीपीपीडीच्या ऑप्शनमध्ये स्थानिक पत्ता, मधे अपूर्णविराम (:), मग समोरचा पत्ता, एवढं लिहिलं की झालं.

एका सकाळची गोष्ट

अशीच एक जोडणी होती. पहिल्या दिवशी मीच दोन्ही टोकांना राउट घालून दिले होते आणि संध्याकाळपर्यंत फाइली सुरळीत जात होत्या. सकाळी निरोप आला, की लाइन लागली आहे पण पलीकडचं काही दिसत नाही. मोगऱ्यावर टेलनेटने जाता येत होतं, म्हणून तिथेच दोन खिडक्या उघडल्या. पीपीपी० वर दर सेकंदाला .२० कडून आलेली एको रिक्वेस्ट दिसत होती. इथरनेटवर तीच रिक्वेस्ट .३० कडे जाताना दिसत होती. .३० चं उत्तरही मोगऱ्याकडे येताना दिसत होतं. आणि मग तेच उत्तर, त्याच क्रमांकाचं, त्याच इथरनेटवर पुन्हा एकदा. पीपीपी० च्या खिडकीत मात्र उत्तराची एकही ओळ नाही.

टीसीपीडम्पला "-ई" लावून हार्डवेअरचे पत्ते पाहिले तेव्हा उलगडा झाला. उत्तर एकदा .३० कडून मोगऱ्याकडे येत होतं आणि दुसऱ्यांदा मोगऱ्याकडून .२५४ कडे जात होतं. .२५४ म्हणजे त्या लॅनवरचा दुसरा राउटर, मोगऱ्याचा डीफॉल्ट गेटवे, म्हणजे माहीत नसलेल्या पत्त्यांची पॅकेट जिकडे जातात तो. १९२.१६८.१.० चा राउट मोगऱ्याच्या टेबलमध्ये नव्हताच. रात्री लाइन एकदा तुटली होती आणि आपोआप पुन्हा लागली होती. पीपीपी० खाली गेला की कर्नल त्या इंटरफेसवरचे सगळे राउट पुसतो. नवी लाइन लागल्यावर पीपीपीडीने आपला होस्ट राउट पुन्हा घातला, पण मी हाताने घातलेला राउट पुन्हा कोण घालणार? चाफ्यावर मी तो स्क्रिप्टमध्ये लिहिला होता, तिथे तो आला. मोगऱ्यावरही स्क्रिप्ट होती. तरी आला नाही.

कारण स्क्रिप्टमध्ये मी नुसतं "राउट ॲड" लिहिलं होतं. पूर्ण वाट दिली नव्हती. लाइन लागल्यावर पीपीपीडी /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप ही स्क्रिप्ट चालवतो तेव्हा तिला लॉगिन केलेल्या माणसाचं वातावरण मिळत नाही. लाइनची माहिती देणारी काही चलं सोडली तर एन्व्हायर्नमेंट रिकामं असतं, आणि इनपुट, आउटपुट, एरर तिन्ही /डेव्ह/नलकडे (येईल ते गिळून टाकणाऱ्या फाइलकडे) वळवलेले असतात. राउट ही आज्ञा /एसबिनमध्ये असते. शेलला ती सापडली नाही, शेलने तक्रार केली, तक्रार /डेव्ह/नलमध्ये गेली. हाताने स्क्रिप्ट चालवून पाहिली तर ती उत्तम चालत होती, कारण माझ्या पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या जागांच्या यादीत) /एसबिन होतं. पहिल्या दिवशी चालत होतं ते माझ्या हाताच्या राउटमुळे, स्क्रिप्टमुळे नव्हे. लाइन एकदा तोडून पुन्हा जोडून पाहिली असती, तर हे त्याच संध्याकाळी कळलं असतं.

राउट परत आल्यावरही .३० हे एकच मशीन चालेना, बाकीची सगळी चालू झाली. हेही समजून घेण्यासारखं आहे. मोगऱ्याने उत्तर ज्या इथरनेटवरून घेतलं त्याच इथरनेटवर .२५४ कडे ढकललं, म्हणून नियमाप्रमाणे त्याने .३० ला आयसीएमपी रीडायरेक्ट पाठवला होता: इथून पुढे थेट .२५४ कडे जात जा. .३० ने तो ऐकून लक्षात ठेवला. त्याच्या नेटस्टॅटमध्ये एक होस्ट राउट दिसत होता, फ्लॅगच्या रकान्यात "डी" अक्षर. हे अक्षर म्हणजे रीडायरेक्टमधून आलेला राउट. तो पुसला आणि पिंग लागला. दुरुस्तीनंतर एखादंच मशीन हट्ट धरून बसलं असेल, तर त्या मशीनवर जाऊन हे अक्षर आधी शोधा.

आयपी-अप नीट कशी लिहायची

पहिल्या ओळीत शेलचं नाव हवंच. हॅश, उद्गारचिन्ह आणि /बिन/एसएच. पीपीपीडी स्क्रिप्ट थेट कर्नलकडे चालवायला देतो. ही ओळ नसली तर हाताने चालणारी स्क्रिप्ट पीपीपीडीकडून चालत नाही. फाइलला चालवण्याची परवानगी हवी. प्रत्येक आज्ञेची पूर्ण वाट हवी. आणि दुसऱ्याच ओळीला आउटपुट आणि एरर एखाद्या लॉग फाइलकडे वळवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शेलची तक्रार कुठेतरी लिहिलेली सापडेल. ही एक ओळ माझ्याकडे असती तर वरची सकाळ पाच मिनिटांत आटोपली असती.

पीपीपीडी स्क्रिप्टला सहा आर्ग्युमेंट (चालवताना सोबत दिलेली मूल्यं) देतो, याच क्रमाने: इंटरफेसचं नाव, टीटीवाय (सिरियल पोर्ट), वेग, स्थानिक पत्ता, समोरचा पत्ता आणि आयपीपॅराम या ऑप्शनने दिलेला मजकूर. यातला पहिला आणि पाचवा सोन्यासारखे आहेत. राउटच्या ओळीत "पीपीपी०" असं कधीही लिहू नका, तिथे पहिला आर्ग्युमेंट घाला:

/एसबिन/राउट ॲड -नेट १९२.१६८.१.० नेटमास्क २५५.२५५.२५५.० डेव्ह $१

आणि ही ओळ पाचव्या आर्ग्युमेंटच्या अटीत ठेवा, म्हणजे समोर १९२.१६८.१.१ असेल तेव्हाच चालेल. फोन घेणाऱ्या मशीनला दोन-तीन मोडेम असतील, वेगवेगळी टोकं फोन करत असतील, तर कोणाचं लॅन कोणत्या लाइनवर हे पाचव्या किंवा सहाव्या आर्ग्युमेंटवरूनच कळतं. पहिला फोन करणाऱ्याला पीपीपी० मिळतो, दुसऱ्याला पीपीपी१. उद्या क्रम उलटला तर स्क्रिप्टमध्ये लिहिलेला पीपीपी० भलत्याच घराकडे जातो.

वरची ओळ लिनक्सची. बीएसडीवर इंटरफेसच्या नावाऐवजी समोरच्या टोकाचा पत्ता गेटवे म्हणून द्यायचा, म्हणजे पाचवा आर्ग्युमेंट. जुन्या सोलारिसवर शेवटी एक आकडा लागतो आणि तो १ हवा. तिथे ० लिहिला तर राउट आज्ञा दिलेला पत्ता स्वतःच्याच इंटरफेसचा समजते. या एका शून्यावर माझे दोन तास गेले आहेत.

मेलेला पीपीपी०

वारंवार येणाऱ्या तक्रारीचं दुसरं मोठं कारण हे. पलीकडचा मोडेम खाली पडला, पण अलीकडच्या मशीनला ते कळलंच नाही. पीपीपीडी आपला दुवा जिवंत समजून बसून राहतो, पीपीपी० उभा, त्याच्यावरचे राउट उभे. पलीकडून पुन्हा फोन येतो, तो दुसऱ्या मोडेमवर लागतो, पीपीपी१ तयार होतो. नेटस्टॅटमध्ये १९२.१६८.१.० चा राउट दिसतो, म्हणून सगळे म्हणतात राउट तर आहे. पण तो मेलेल्या पीपीपी० कडे बोट दाखवतो.

मोडेमने कॅरिअर गेल्याचं सांगायला हवं आणि मशीनने ते ऐकायला हवं. मोडेमला एटीच्या आज्ञांमध्ये "&सी१" द्या, म्हणजे डीसीडीची (कॅरिअर असल्याची खूण देणारी) तार खऱ्या कॅरिअरप्रमाणे वरखाली होते, आणि "&डी२", म्हणजे मशीनने डीटीआर (मशीन तयार असल्याची खूण) सोडला की मोडेम फोन ठेवतो. पीपीपीडीच्या ऑप्शनमध्ये "मोडेम" हवं, "लोकल" नको, कारण "लोकल" म्हणजे या तारांकडे दुर्लक्ष कर. एवढ्यावरही विसंबू नका. एलसीपी-इको-इंटरव्हल ३० आणि एलसीपी-इको-फेल्युअर ४ लावा. दर ३० सेकंदांनी पीपीपीडी समोरच्याला हाक मारतो आणि लागोपाठ ४ हाकांना ओ आली नाही तर दुवा सोडतो. म्हणजे मेलेला इंटरफेस दोन मिनिटांपेक्षा फार जास्त टिकत नाही. सिम लावलेल्या मोडेमवर पीपीपीडी वापरणाऱ्यांनाही हा उपाय तसाच लागू आहे.

डीफॉल्ट राउटची भानगड

पीपीपीडीचा डीफॉल्टराउट हा ऑप्शन लावला की तो समोरच्या टोकाला डीफॉल्ट गेटवे करतो. पण आधीपासून इथरनेटवर डीफॉल्ट राउट असेल, तर पीपीपीडी तो बदलत नाही. लॉगमध्ये "आहे तो डीफॉल्ट राउट बदलत नाही" अशा अर्थाची एक ओळ टाकून गप्प बसतो. लाइन लागली आहे पण पॅकेट भलतीकडेच जात आहेत, असं दिसलं तर लॉगमध्ये ही ओळ शोधा. मग एक तर इथरनेटवरचा डीफॉल्ट काढा, किंवा, माझ्या मते जास्त बरं, डीफॉल्टचा नादच सोडा आणि हव्या त्या लॅनचा नेमका राउट घाला.

याच्या उलट चूक जास्त महाग पडते. दोन्ही टोकांनी डीफॉल्टराउट लावला. चाफ्याला जो पत्ता माहीत नाही तो मोगऱ्याकडे, मोगऱ्याला माहीत नाही तो चाफ्याकडे. अशा पत्त्याचं एक पॅकेट निघालं, की टीटीएल (पॅकेटला किती टप्पे जाता येईल तो आकडा) संपेपर्यंत ते लाइनवर येरझाऱ्या घालतं. ट्रेसराउट -एन केलं तर तेच दोन पत्ते आळीपाळीने येत राहतात: १.१, २.१, १.१, २.१. मोडेमचे पाठवण्याचे आणि घेण्याचे दोन्ही दिवे कोणी काही करत नसतानाही लुकलुकत असतात. हिशोब करून बघा. टीटीएल ६४ असेल तर एका दिशेने ३२ फेऱ्या. १५०० बाइटचं पॅकेट २८,८०० च्या मोडेमवर एका फेरीला सुमारे ०.४ सेकंद घेतं. म्हणजे एक चुकार पॅकेट प्रत्येक दिशेची १३ सेकंदं खाऊन टाकतं. असे दहा-बारा पत्ते एकदम विचारले गेले की लाइन ठप्प, आणि लोक म्हणतात मोडेम मंद झाला. डीफॉल्ट एकाच दिशेला असावा. बाहेरची वाट ज्या टोकाला आहे, त्या टोकाकडे.

लाइनवर रिप चालवू नका

राउट आपोआप यावेत म्हणून काही जण दोन्ही टोकांना राउटेड, म्हणजे रिप या पद्धतीने एकमेकांना राउट सांगणारा प्रोग्राम, सुरू करतात. मी याच्या विरोधात आहे. रिप दर ३० सेकंदांनी आपलं अख्खं टेबल सांगतो. गरजेपुरती फोन लावणारी लाइन असेल तर ती कधीच खाली येत नाही, आणि फोनचं बिल कोणीतरी भरत असतं. १८० सेकंद खबर आली नाही की शिकलेला राउट बाद होतो, म्हणजे खराब लाइनवर राउट येत-जात राहतात. शिवाय रिपची पहिली आवृत्ती नेटमास्क सांगतच नाही. एका नेटवर्कचे दोन तुकडे करून दोन टोकांना दिले असतील तर तिचा हमखास घोटाळा होतो. दोन टोकं, दोन राउट, त्यासाठी दोन स्क्रिप्ट पुरतात. गेटवेवर राउटेड आपोआप सुरू होत असेल तर तेही बंद करा. आपण घातलेल्या राउटवर त्याचा हात फिरतो.

राउटिंगसारखे दिसणारे पण राउटिंग नसलेले दोष

पिंग चालतो, टेलनेटचा प्रॉम्प्ट येतो, पण लांबलचक यादी मागितली किंवा एफटीपीने फाइल ओढली की सगळं गोठतं. हा राउटचा दोष नाही. लाइनचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) २९६ किंवा ५७६ असा लहान ठेवला असेल आणि मधे कोणी आयसीएमपी सरसकट अडवलं असेल, तर "पॅकेट मोठं आहे, तुकडे करावे लागतील" हा निरोप पाठवणाऱ्याला पोचत नाही. तो मोठीच पॅकेट पाठवत राहतो, ती हरवत राहतात. पिंगला लहान लिपीतला "-एस" देऊन आकार वाढवत न्या. ठरावीक आकारापलीकडे उत्तर बंद होत असेल तर इकडे बघा.

पिंग कोणत्याही आकाराचा जातो, नेमसर्व्हरही उत्तर देतो, फक्त टीसीपी अडकतो, असं असेल तर हेडर कॉम्प्रेशनवर (पॅकेटच्या सुरुवातीचा तपशील आवळून पाठवण्यावर) संशय घ्या. व्हॅन जेकबसन यांची पद्धत, १९९० चा आरएफसी ११४४, फक्त टीसीपीचे हेडर आवळते. आयसीएमपी आणि यूडीपीला ती हातच लावत नाही. पीपीपीडीला नोव्हीजे द्या आणि फरक पडतो का बघा. पीपीपीऐवजी जुना स्लिप असेल आणि एका टोकाला स्लिप, दुसऱ्या टोकाला सीस्लिप (हेच कॉम्प्रेशन असलेला स्लिप) असेल तर हुबेहूब हेच लक्षण दिसतं.

लॉगमध्ये समोरचा पत्ता १०.६४.६४.६४ दिसला, तर समोरच्याने आपला पत्ता सांगितलाच नाही आणि पीपीपीडीने स्वतःचा तात्पुरता पत्ता लावला. यावर राउट चालतो, पण पाचव्या आर्ग्युमेंटची अट चुकते. "सिरियल लाइन स्वतःकडेच परत वळली आहे" अशा अर्थाची ओळ दिसली, तर समोर पीपीपीडी सुरूच झालेला नाही, लॉगिनचा प्रॉम्प्ट तुमचीच अक्षरं तुम्हाला परत पाठवतो आहे. दोन्ही लॅनना चुकून १९२.१६८.१.० हेच नेटवर्क दिलं असेल, तर कोणताही राउट उपयोगी नाही. एका लॅनचे पत्ते बदलावेच लागतील, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं.

फोन करणारं मशीन एकटंच असेल, त्याच्यामागे लॅन नसेल, तर राउटऐवजी प्रॉक्सीएआरपी पुरतं. त्याला उत्तर देणाऱ्या टोकाच्या लॅनमधलाच एक मोकळा पत्ता द्यायचा, मग गेटवे त्याच्या वतीने एआरपीला ("हा पत्ता कोणाचा?" या लॅनवरच्या विचारणेला) उत्तर देतो. तो पत्ता खरोखर त्याच सबनेटमधला हवा. नसेल तर पीपीपीडी "इथरनेटचा पत्ता ठरवता येत नाही" असं लॉगमध्ये लिहून पुढे जातो आणि लाइन मात्र लागलेली दिसते.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

हाताने घातलेले सगळे राउट दोन्ही टोकांवरून काढून टाका. .२० वर .३० चा पिंग चालू ठेवा. चाफ्याच्या बाजूने लाइन तोडा, पुन्हा लागू द्या, टेबलला हात न लावता पिंग परत येतो का बघा. मग मोगऱ्याच्या मोडेमची टेलिफोनची तार उपटा. हा प्रसंग वेगळा आहे, कारण इथे कोणीही रीतसर निरोप घेत नाही. दोन-अडीच मिनिटं थांबा, दोन्ही टोकांना पीपीपी० नाहीसा झाला आहे ना ते बघा, मग तार जोडा. शेवटी दोन्ही मशीन एकापाठोपाठ एक रीबूट करा, म्हणजे फॉरवर्डिंगचं मूल्य टिकतं की नाही तेही कळेल. तिन्ही वेळा .२० च्या स्क्रीनवर उत्तरं आपोआप सुरू झाली, की दोन्ही टोकांच्या नेटस्टॅट -आरएनची प्रत कागदावर काढून गेटवेशेजारी चिकटवा. पुढची तक्रार आली की आधी तो कागद आणि समोरचं टेबल ओळ-ओळ जुळवून बघायचं, आणि सुरुवात ज्या टोकावरून तक्रार आली नाही तिथून करायची.